मेमरीची वाटणी : प्रस्तावना

नेटवर्किंगच्या वर्गात पहिल्या दिवशी मी एक प्रश्न विचारते. समोर बहुतेक डिप्लोमा करून नुकतीच नोकरीला लागलेली मुलंमुली असतात. कुणी बँकेत, कुणी कारखान्यात, कुणी तालुक्याच्या गावी केबलवाल्याच्या इंटरनेट कंपनीत. "तुमच्याकडचा मुख्य स्विच कोणता?" मॉडेल लगेच सांगतात. पोर्ट किती, वेग किती, हेही तोंडपाठ असतं. मग मी पुढचं विचारते, "त्यात मॅक पत्ते किती मावतात? रूट किती मावतात? आणि आज त्यातली किती जागा भरली आहे?" इथे वर्ग गप्प होतो.

यात त्यांचा दोष नाही. स्विच घेताना कोटेशनमध्ये हा आकडा येत नाही, डेटाशीटमध्ये असतो तो बारीक टाइपातल्या तक्त्यात. बसवताना कुणी विचारत नाही. रॅकमध्ये चार स्क्रू आवळले, आयपी दिला, व्हीलॅन बांधले, पासवर्ड टाकला, कॉन्फिग सेव्ह केलं की काम झालं, अशी सगळीकडची रीत आहे. पण त्या पेटीतली मेमरी तोवर वाटून झालेली असते. कोणत्या तक्त्याला किती जागा, कोणत्या रांगेला किती, हे कारखान्यात कुणीतरी ठरवून टाकलेलं असतं, आणि ज्याने ठरवलं त्याने तुमचं नेटवर्क कधी पाहिलेलं नसतं. सर्वांना बरं पडेल असं काहीतरी त्याने दिलेलं असतं. त्यालाच आपण डिफॉल्ट म्हणतो.

हे पुस्तक त्या वाटणीबद्दल आहे. ती वाटणी तपासणं आणि लागेल तिथे बदलणं ही नेटवर्क सांभाळणाऱ्याची जबाबदारी आहे, ती मोजून पार पाडायची असते आणि गरज पडण्याच्या आधी पार पाडायची असते, एवढंच मला सांगायचं आहे. त्यासाठी इतकी पानं का लागली, ते पुढच्या उदाहरणावरून लक्षात येईल.

तारीख १२ ऑगस्ट २०१४, वार मंगळवार. इंटरनेटच्या कण्यावर बसलेल्या राउटरांना जगातल्या सगळ्या नेटवर्कांच्या पत्त्यांची यादी जवळ ठेवावी लागते. बीजीपी प्रोटोकॉलने ती यादी ते एकमेकांना कळवत असतात आणि ती वर्षानुवर्षं वाढतच आली आहे. त्या दिवशी अमेरिकेतल्या व्हेरायझनच्या नेटवर्कमधून सुमारे १५ हजार जादा रूट थोड्या वेळापुरते बाहेर पडले. जगाची यादी आधीच पाच लाखांच्या वर होती. ही नवी भर आणि प्रत्येक कंपनीचे स्वतःचे आतले रूट मिळून अनेक ठिकाणी ५१२ के ही रेषा ओलांडली गेली. इथे के म्हणजे १,०२४, तेव्हा ५१२ के म्हणजे ५,२४,२८८ नोंदी. सिस्कोच्या ६५०० आणि ७६०० या मालिकांमधल्या, त्या काळी जगभर पसरलेल्या सुपरवायझर इंजिनांमध्ये आयपीव्ही४ रूटांसाठी डिफॉल्ट जागा नेमकी तेवढीच होती. रेषा ओलांडली तशी वरच्या रूटांची पॅकेटं हार्डवेअरमधून जायची थांबून सीपीयूकडे वळली. जे काम हार्डवेअर सेकंदाला कोटींच्या हिशेबात करत होतं, ते काही लाखांत दमणाऱ्या सीपीयूवर येऊन पडलं. ईबेसारख्या मोठ्या साइटसुद्धा त्या दिवशी काही ठिकाणी उघडेनात.

ही घटना 'इंटरनेटची जागा संपली' अशा मथळ्यांनी छापली गेली. मला ते मथळे आजही खटकतात, कारण जागा संपलेली नव्हती. त्या इंजिनाच्या मोठ्या आवृत्तीत रूटांसाठी एकूण १,०२४ के नोंदींची जागा होती. निम्मी आयपीव्ही४ला दिलेली, आणि निम्मी आयपीव्ही६ व मल्टिकास्टसाठी राखलेली. आयपीव्ही६ची एक नोंद दोन नोंदींची जागा खाते, म्हणून त्या निम्म्यात २५६ के नोंदी बसणार होत्या. त्या वेळी जगाची आयपीव्ही६ यादी वीस हजारांच्या आत होती. एका खोलीत माणसं दाटीवाटीने उभी, शेजारची खोली जवळजवळ मोकळी, आणि मधलं दार उघडायचं कुणाच्या ध्यानात नाही, अशी ती अवस्था.

दार उघडायला एक ओळ पुरत होती : 'एमएलएस सीईएफ मॅक्सिमम-रूट्स आयपी १०००'. म्हणजे आयपीव्ही४ला १,००० के जागा द्या. पण ही ओळ लिहून भागत नाही, ती लागू व्हायला राउटर रीलोड करावा लागतो. सिस्कोने काही महिने आधी सावध केलं होतं. ज्यांनी तेव्हा एखाद्या रात्रीची दहा मिनिटं काढली, त्यांच्यासाठी १२ ऑगस्ट हा साधा मंगळवार होता. बाकीच्यांना भर दिवसा, तहान लागल्यावर विहीर खणावी लागली. शिवाय आयपीव्ही४ला १,००० दिले की आयपीव्ही६साठी फारच थोडं उरतं, म्हणून दोन्ही लागणाऱ्यांनी ७६८ के सारखा मधला आकडा धरला. २०१९ मध्ये यादी त्या रेषेपाशीही येऊन पोचली. या वेळी मात्र लोक जागे होते आणि फारसा गोंधळ झाला नाही. आता ती यादी दहा लाखांच्या घरात आहे.

स्विच-राउटरमध्ये मेमरी एका प्रकारची नसते, हे इथेच सांगून टाकते. फ्लॅशमध्ये ऑपरेटिंग सिस्टिमची फाइल राहते, एनव्हीरॅममध्ये सुरू होतानाचं कॉन्फिग. या दोन्हींत वाटणीचा प्रश्न सहसा येत नाही, म्हणून पुस्तकातही त्यांना दोनच पानं दिली आहेत. खरा प्रश्न तीन ठिकाणी येतो : टीकॅममधले तक्ते, पॅकेट थांबण्याचे बफर, आणि राउटरच्या सॉफ्टवेअरची डीरॅम.

टीकॅम ही मोठी विलक्षण वस्तू आहे. साध्या मेमरीला आपण जागेचा क्रमांक सांगतो आणि ती तिथला मजकूर देते. टीकॅमचं उलटं. तिला मजकूर द्यायचा, ती जागा सांगते, आणि शोधताना हजारो नोंदी एकेक करून न चाळता सगळ्या एकदम ताडून पाहते. तिच्या प्रत्येक घरात शून्य, एक किंवा 'काहीही चालेल' अशा तीन अवस्था बसतात. १०.२०.०.० हा सोळा बिटांचा रूट ठेवायचा असेल तर पहिले सोळा बिट पक्के, पुढचे सोळा 'काहीही चालेल'. राउटिंगला हेच हवं असतं. पण ही सोय महाग पडते. चिपवर जागा जास्त लागते, वीज जास्त लागते, उष्णता जास्त होते. त्यामुळे टीकॅम मोजकीच मिळते. हीच कामगिरी साध्या मेमरीत हुशार अल्गोरिदमने कशी साधायची यावर ज्यांनी मोठं काम केलं, त्यांत मुंबईच्या पवईतल्या आयआयटीतून १९८१ साली बी.टेक. झालेले जॉर्ज वर्गीस आहेत. विल इथरटन आणि झुबिन दित्तिया यांच्याबरोबर त्यांनी मांडलेला 'ट्री बिटमॅप' हा अल्गोरिदम आपल्या मुलांनी मुद्दाम वाचावा असा आहे.

आता हातातल्या स्विचकडे येऊ. सिस्कोचा कॅटॅलिस्ट ३७५० अजूनही अनेक कार्यालयांच्या आणि महाविद्यालयांच्या रॅकमध्ये चालू दिसतो, म्हणून त्याचंच उदाहरण घेते. त्याच्यावर 'शो एसडीएम प्रिफर' असं लिहा. डिफॉल्ट टेम्प्लेटमध्ये मॅक पत्त्यांना ६ के जागा आणि आयपीव्ही४ रूटांना ८ के जागा दिसेल. वरवर पाहता भरपूर वाटतं. पण त्या आठातले ६ के थेट जोडलेल्या यंत्रांसाठी असतात, दुसऱ्या राउटरकडून शिकलेल्या रूटांसाठी फक्त २ के. 'राउटिंग' टेम्प्लेट निवडलं तर मॅक पत्ते ३ के वर येतात आणि शिकलेल्या रूटांना ८ के मिळतात. 'व्हीलॅन' टेम्प्लेट निवडलं तर मॅक पत्ते १२ के आणि रूट शून्य, म्हणजे तो स्विच हार्डवेअरमध्ये राउटिंग करणारच नाही. आयपीव्ही६ हवं असेल तर दोन्हींचं वेगळं टेम्प्लेट घ्यावं लागतं, आणि तिथे आयपीव्ही४चा वाटा कमी होतो. एकाला दिलं ते दुसऱ्याकडून काढून दिलेलं असतं. जादा असं काही कुठून येत नाही.

रूट मावले नाहीत की काय होतं, ते मी जवळून पाहिलं आहे. काही वर्षांपूर्वी एका जिल्ह्याच्या ठिकाणी, पुष्कळ शाखा असलेल्या एका संस्थेच्या मुख्य कार्यालयात दोन विभागांची नेटवर्कं एकत्र जोडली गेली होती. आठवड्याभरात काही शाखांचं काम रखडायला लागलं, बाकीच्या शाखा ठणठणीत. लिंक देणाऱ्यांशी वाद झाला, फायबरचे पॅचकॉर्ड बदलले, शाखांमधले राउटर बदलले. मी पोचले ती दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ होती. एका रखडलेल्या शाखेला पिंग केलं : १८० मिलिसेकंद, २२०, मग एक पॅकेट हरवलं, पुन्हा १९०. शेजारच्या तालुक्यातल्या शाखेला केलं : ४, ४, ४, ४. दोन्ही शाखा एकाच लिंकवरून येत होत्या. मुख्य स्विचचा सीपीयू ९७ टक्क्यांवर होता.

तिथली तरुण इंजिनिअर लॉग वर सरकवत होती. एकच ओळ पुन्हा पुन्हा येत होती. तिचा अर्थ असा, की काही पत्ते टीकॅममध्ये बसवता आले नाहीत आणि त्यांची पॅकेटं सॉफ्टवेअरमधून जाण्याची शक्यता आहे. "ही मी पहिल्याच दिवशी पाहिली होती, मॅडम," ती म्हणाली. "पण तिच्यासमोर सहा आकडा होता. सहा म्हणजे नुसती माहिती. म्हणून सोडून दिली." तिला बोल लावायचं मला कारण दिसलं नाही. शून्य ते चार या पातळ्यांचे संदेश बघा, पाच-सहा-सात सोडा, असं आम्हीच वर्गात शिकवत आलो होतो. त्या दिवसापासून मी तसं शिकवणं थांबवलं.

झालं होतं ते सरळ होतं. दोन नेटवर्कं जुळल्यामुळे रूटांची संख्या डिफॉल्ट वाट्यापेक्षा सहा-सातशेने वर गेली होती. जे रूट आधी आले त्यांना जागा मिळाली, मागून आलेले बाहेर राहिले. म्हणून काही शाखा सुरळीत आणि काही रखडलेल्या. आणि त्याच स्विचवर मॅक पत्त्यांच्या तक्त्यात हजारोंच्या जागेत जेमतेम दीडशे नोंदी पडून होत्या. रात्री दोन वाजता आम्ही टेम्प्लेट बदललं आणि रीलोड दिला. स्विच चार मिनिटांत उठला, रूट पुन्हा शिकला. मघाच्या रखडलेल्या शाखेला पिंग केलं : ४, ४, ४, ४. पेटी तीच, केबल त्याच. नव्या स्विचचं कोटेशन साहेबांच्या टेबलावर सहीसाठी तयार होतं, ते तसंच फायलीत गेलं.

मॅक पत्त्यांचा तक्ता भरला तर वेगळंच होतं. स्विचला जो पत्ता माहीत नाही त्याचं पॅकेट तो त्या व्हीलॅनच्या सगळ्या पोर्टांवर पाठवतो. म्हणजे वेग तर पडतोच, आणि एकाचा मजकूर शेजाऱ्याच्या तारेवरही जातो. खोटे मॅक पत्ते ओतून हा तक्ता मुद्दाम भरणारी साधनंही आहेत. पोर्ट सिक्युरिटी लावायची ती त्यासाठीच. त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे, इथे लांबण लावत नाही.

दुसरी वाटणी बफरची, आणि या पुस्तकातला सर्वांत मोठा भाग तिला दिला आहे. पॅकेट एका पोर्टातून आत येतं, दुसऱ्यातून बाहेर जातं. बाहेरचा रस्ता मोकळा नसेल तर मधे थांबायला जागा लागते. ती जागा कोणाला किती, हा प्रश्न इंटरनेटइतकाच जुना आहे. ३० ऑगस्ट १९६९ ला लॉस एंजलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात अर्पानेटचा पहिला आयएमपी पोचला. आजच्या राउटरचा तो पूर्वज, हनीवेलच्या संगणकावर बांधलेला. त्यात सोळा-सोळा बिटांचे १२ के शब्द मावतील एवढीच मेमरी होती आणि तिच्यातच प्रोग्रॅमही, बफरही. एक मोठा संदेश आठ पॅकेटांपर्यंत तोडून पाठवला जाई आणि शेवटच्या आयएमपीमध्ये तो पुन्हा जुळवला जाई. आता पाहा काय घडलं. मुक्कामाच्या आयएमपीत अनेक संदेशांची अर्धी-अर्धी पॅकेटं येऊन बफर भरले. संदेश पुरा झाल्याशिवाय ते रिकामे होणार नाहीत, आणि संदेश पुरा करणारी पॅकेटं शेजारच्या आयएमपीत अडकलेली, कारण आत यायला बफर नाही. सगळं जागच्या जागी थिजलं. रॉबर्ट कान आणि विल क्राउथर यांनी १९७२ मध्ये या कोंडीवर लिहिलं. उपाय असा निघाला की मोठा संदेश पाठवण्याआधी समोरच्याकडे जागा मागायची, त्याने ती राखून ठेवल्याचं कळवलं की मगच पाठवायचं. आपण आज कॉन्फिगमध्ये 'रिझर्व्ह्ड' असा शब्द लिहितो त्याचं मूळ इथवर जातं.

मग मेमरी भरपूर घातली की प्रश्न सुटेल, असं कुणालाही वाटेल. जॉन नेगल यांनी डिसेंबर १९८५ मध्ये आरएफसी ९७० लिहिला तो नेमका या समजुतीवर. समजा स्विचला अमर्याद मेमरी आहे, तर काय होईल? रांग वाढत जाईल. प्रत्येक पॅकेटला आयुष्याची मर्यादा असते. रांग इतकी लांबेल की पुढे सरकेपर्यंत पॅकेटचं आयुष्य संपलेलं असेल, आणि अखेरीस स्विच फक्त मेलेली पॅकेटं फेकत बसेल. म्हणून त्यांनी प्रत्येक पाठवणाऱ्याची वेगळी रांग आणि पाळीपाळीने प्रत्येकाचं एक पॅकेट, अशी व्यवस्था सुचवली. मेमरी किती यापेक्षा ती कशी वाटली आहे याला महत्त्व देणारा हा लेख मी विद्यार्थ्यांना आवर्जून वाचायला लावते. नऊच पानांचा आहे.

पुढे बफर किती ठेवावा यावर एक हिशेब रूढ झाला : लिंकचा वेग गुणिले जाऊन-येऊन लागणारा वेळ. १० गिगाबिटची लिंक, २५० मिलिसेकंदांचा फेरा, तर अडीच गिगाबिट, म्हणजे ३१२ मेगाबाइट. २००४ मध्ये स्टॅनफर्डच्या गिडो अॅपेनझेलर, आयझॅक केस्लासी आणि निक मॅककिओन यांनी दाखवलं की लिंकवर हजारो स्वतंत्र प्रवाह असतील तर एवढ्याची गरज नाही. हा आकडा प्रवाहांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागा. दहा हजार प्रवाह असले तर शंभरावा हिस्सा पुरतो. या दोन हिशेबांतला फरक शंभरपट आहे, तेव्हा आपल्या लिंकवर किती प्रवाह असतात हे न पाहता कुठलाही एक आकडा उचलणं बरोबर नाही.

घरच्या राउटरमध्ये चूक उलट बाजूने होते. वर पाठवायची लिंक १ मेगाबिटची आणि मोडेमात २५६ किलोबाइटचा बफर. तो भरला की शेवटच्या पॅकेटला बाहेर पडायला दोन सेकंद लागतात. मुलगा फोटो अपलोड करत असताना आईचा व्हिडिओ कॉल अडकतो तो यामुळे. जिम गेटिस यांनी २०१०च्या सुमारास आपल्याच घरच्या लिंकवर हे पकडलं आणि त्याला 'बफरब्लोट' हे नाव रूढ झालं. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी 'कोडेल' आणलं. रांगेत किती पॅकेटं आहेत हे ते मोजत नाही, पॅकेट किती वेळ रांगेत राहिलं हे मोजतं. १०० मिलिसेकंदांच्या खिडकीत तो वेळ सतत ५ मिलिसेकंदांच्या वर राहिला तर पॅकेट टाकायला सुरुवात.

डेटा सेंटरच्या स्विचमध्ये मात्र मेमरी खरोखर थोडी असते. ब्रॉडकॉमच्या ट्रायडंट २ या चिपमध्ये सगळ्या पोर्टांना मिळून १२ मेगाबाइट बफर आहे. एकट्या १० गिगाबिट पोर्टसाठी तो सगळा वापरला तरी तो दहा मिलिसेकंदांच्या आत रिकामा होतो. आणि त्यावर पन्नासएक पोर्टांचा हक्क. इथली वाटणी कशी होते याचं उत्तर बेल लॅब्जच्या अभिजित चौधरी आणि एलेन हान यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या एका सुंदर कल्पनेत आहे. प्रत्येक रांगेला ठरावीक वाटा द्यायचा नाही. या क्षणी जेवढी जागा मोकळी आहे तिच्या ठरावीक पटीइतकीच रांग वाढू द्यायची. ती पट म्हणजे अल्फा. अल्फा १ असेल आणि एकच रांग भरू लागली तर ती निम्म्या जागेवर थांबते, कारण तिथे तिची लांबी आणि उरलेली जागा सारखी होते. दोन रांगा असतील तर प्रत्येकीला एकतृतीयांश आणि एकतृतीयांश मोकळी. नऊ असतील तर प्रत्येकीला दहावा हिस्सा आणि एक दहावा हिस्सा अजून न आलेल्यासाठी. अल्फा ८ केला तर एकटी रांग आठनवमांश जागा घेते. अचानक येणाऱ्या लोंढ्याला ते बरं, पण मागून येणाऱ्याला फार थोडं उरतं. स्विचच्या कॉन्फिगमध्ये हा एक आकडा असतो आणि बहुतेक जण त्याला हात लावत नाहीत. माझ्या मते हात लावण्यासारखा सर्वांत मोलाचा आकडा तोच आहे.

कॅटॅलिस्टच्या जुन्या मालिकांवर हीच गोष्ट वेगळ्या रूपात भेटते. आयपी फोन बसवायचे म्हणून कुणीतरी 'एमएलएस क्यूओएस' चालू करतं. ती ओळ पडताच बफर चार रांगांत पंचवीस-पंचवीस टक्के वाटला जातो. साधी वाहतूक एकाच रांगेत येते, तिचा वाटा आखडतो, आणि आउटपुट ड्रॉप वाढायला लागतात. फोन नीट चालतात आणि रात्रीचा बॅकअप मात्र सकाळपर्यंत संपत नाही. दोन गोष्टींचा संबंध आठवडेच्या आठवडे कुणाच्या लक्षात येत नाही. रांगांचे टक्के आणि थ्रेशोल्ड आपल्या वाहतुकीप्रमाणे बदलणं हाच त्यावरचा उपाय.

तिसरी वाटणी राउटरच्या डीरॅममधली. सिस्कोची ऑपरेटिंग सिस्टिम आयओएस ती दोन भागांत तोडते : प्रोसेसर मेमरी आणि इनपुट-आउटपुट मेमरी. जुन्या लहान राउटरांवर 'मेमरी-साइझ आयोमेम' या ओळीने दुसऱ्या भागाचे टक्के ठरवता येतात. त्या भागात पॅकेटांच्या मापाचे बफर असतात : १०४ बाइट, ६००, १,५३६, ४,५२०, ५,०२४ आणि १८,०२४. प्रत्येक मापाचे किती कायम ठेवायचे, मोकळे किमान किती हवेत, हे ठरवता येतं. पण इथे माझा सल्ला सावध आहे. 'शो बफर्स'मध्ये 'नो मेमरी'चे आकडे सतत वाढताना दिसल्याशिवाय या मापांना हात लावू नये.

डीरॅममधला खरा शत्रू तुकडे पडणं हा आहे. 'शो मेमरी'च्या पहिल्या ओळींत एकूण, वापरलेली, मोकळी, आजवरची सर्वांत कमी मोकळी आणि सर्वांत मोठा सलग तुकडा असे रकाने येतात. मुलं 'मोकळी' एवढाच रकाना वाचतात. आठ मेगाबाइट मोकळी आहे म्हणून निश्चिंत होतात, आणि तरीही लॉगमध्ये 'मॅलॉकफेल' येतं : ६५,५३६ बाइट मागितले, मिळाले नाहीत. कारण शेवटच्या रकान्यात सर्वांत मोठा सलग तुकडा साठ हजार बाइटांचा असतो. जमीन एकंदर आठ एकर, पण सलग एक गुंठाही नाही, तर घर बांधणार कुठे? 'आजवरची सर्वांत कमी' हा रकानाही रोज लिहून ठेवावा असा आहे. तो आठवड्या-आठवड्याला खाली जात असेल तर कुठलीतरी प्रोसेस मेमरी घेऊन परत करत नाही हे ओळखावं.

यातली पुष्कळ मेमरी आपणच नकळत देऊन टाकतो. लॉगचा बफर मूळचा ४,०९६ बाइटांचा, तो कुणीतरी उत्साहाने कित्येक मेगाबाइटांचा करून ठेवतं. बीजीपीच्या शेजाऱ्यावर 'सॉफ्ट-रीकॉन्फिगरेशन इनबाउंड' लावलं की त्याच्याकडून आलेली सगळी यादी न गाळता दुसऱ्यांदा साठवली जाते. शेजाऱ्याला रूट रिफ्रेश येत असेल, आणि २००० सालापासून ते प्रमाणित आहे, तर याची गरज उरत नाही. लहान इंटरनेट कंपनीने एकाच वरच्या पुरवठादाराकडून जगाची पूर्ण यादी घेण्यातही अर्थ नसतो. बाहेर जायची वाट एकच असेल तर एक डिफॉल्ट रूट पुरतो. आणि यादी कुठलीही घ्या, 'मॅक्सिमम-प्रिफिक्स'ची मर्यादा घातल्याशिवाय शेजाऱ्यासाठी दार उघडू नये.

हे सगळं मराठीत का लिहिलं, असं मला विचारलं गेलं. आपली मुलं कमांड इंग्रजीत टाकतात, पण निर्णय मराठीत घेतात. "मेमरी फुल झाली", "स्विच हँग झालाय", "रीस्टार्ट मार" ही वाक्यं मी रोज ऐकते. रीस्टार्ट मारला की तात्पुरतं बरं वाटतं, पण लॉग पुसला जातो, काउंटर शून्यावर येतात, तुटलेली मेमरी पुन्हा सलग होते, आणि कारण कळण्याचा एकुलता एक मार्ग बंद होतो. ज्या भाषेत ही सवय लागली आहे त्याच भाषेत ती सोडवावी, म्हणून हे मराठीत. कमांड, त्यांचे रकाने आणि लॉगचे शब्द मात्र यंत्र जसे दाखवतं तसेच ठेवले आहेत. त्यांचं भाषांतर केलं तर रात्री दोन वाजता पडद्यावर ते सापडणार नाहीत.

पुस्तकातली उदाहरणं ठरावीक मॉडेलांची आहेत आणि मॉडेलं बदलत राहतील. तुमच्याकडचे आकडे वेगळे असतील, तेच खरे धरा. वाचायला बसण्याआधी एक काम मात्र कराच. तुमच्या मुख्य स्विचवर तक्त्यांची वाटणी दाखवणारी कमांड द्या, मग आत्ता त्यात किती नोंदी आहेत ते पाहा, आणि राउटरवर मेमरीचे ते पाच रकाने बघा. आकडे तारीख घालून एका वहीत लिहा आणि ती वही रॅकपाशी ठेवा. दुसऱ्या प्रकरणापासून आपण त्या वहीवरच काम करणार आहोत.